दोन गावं आणि एक गाडी

कंपनीनं माझ्यापुढं दोन गावं ठेवली होती, अंबाला आणि रुद्रपूर. घरी मी एकच सांगितलं. हे आधीच लिहून टाकते, कारण मी स्वतःला चांगली ओळखून आहे. नंतर लिहीन म्हटलं तर दोन पानं नुसती माझ्या अडचणींची भरतील आणि मुद्दा राहून जाईल.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. औषधाच्या गोळ्या ज्या चंदेरी पत्रीत बंद असतात, ती पत्री आम्ही बनवायचो. मी क्वालिटीत. बारा वर्षं ती पत्री उजेडासमोर धरून तिच्यात भोकं शोधली. मग एक दिवस समजलं, की आमचं युनिट बंद होणार, मशिनी उत्तरेकडं जाणार, आणि ज्यांना नोकरी टिकवायची आहे त्यांनी मशिनींच्या मागोमाग जायचं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, त्याला गाव कुठलंही चालतं. तो म्हणाला, "टाकतील तिथं जाऊ, त्यात काय." त्याच्या या स्वभावाचा मला एरवी लई राग येतो, पण तेव्हा तो पथ्यावर पडला.

प्रश्न आत्यांचा होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. सासरे गेल्यावर चार माणसांनी बसून आत्यांची वाटणी ठरवली होती. गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्या दिरांकडं, करमाडजवळ शेतात. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमच्याकडं, चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत. माणसाची वाटणी ऐकायला कशीतरीच वाटते, पण आमच्यात घरोघरी असंच असतं आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या एक कापडी पिशवी घेऊन यायच्या. पाडव्याची गुढी उतरली की तीच पिशवी घेऊन जायच्या.

माझी लेक झाली तेव्हा आत्यांनी ही वाटणी मोडली होती. सलग चार वर्षं त्या आमच्याकडंच राहिल्या. कापसाच्या खुरपणीच्या दिवसांत जाऊबाई एकट्या पडल्या, चार शब्द बोलल्याही, पण आत्या हलल्या नाहीत. "पोरगी जरा मोठी होऊ दे, कापूस काय पळून चालला नाय," म्हणाल्या. पहिल्या शिफ्टला मी सहाला घर सोडायचे तेव्हा माझा डबा भरलेला असायचा. लेकीला मी पहिलं पाऊल टाकताना पाहिलं नाही, आत्यांनी पाहिलं. माझी नोकरी टिकली ती त्या बाईच्या गुडघ्यांवर, आणि गुडघे गेले तेही त्याच चार वर्षांत, लेकीला काखेत घेऊन जिने चढउतार करून.

त्या वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. त्या चांगल्या होत्या आणि घरभर होत्या. मिसळणाचा डबा मी गॅसच्या उजवीकडं ठेवला की संध्याकाळपर्यंत तो डावीकडं गेलेला असायचा. भाजीत मीठ कमी घाला म्हटलं की मान डोलवायच्या आणि घालायचं तेवढंच घालायच्या. मैत्रिणीशी फोनवर जरा हसले की आतून हाक, "कोण व्हतं गं?" कामावरून आल्यावर मला पाच मिनिटं गप्प बसायचं असायचं. पण चप्पल काढायच्या आत दारातच दिवसभराची हकिगत सुरू व्हायची, दूधवाल्यापासून पोरीच्या खोकल्यापर्यंत. बास, पाच मिनिटं हवी होती मला. चाळिशी आली तरी मला असं एक घर मिळालं नव्हतं, जिथं खरकटी भांडी तशीच टाकून झोपले तर कुणी बघणार नाही.

फेब्रुवारीत हेड ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. त्या इंग्रजीत बोलत होत्या, म्हणून मीही. आत्या समोर मेथी निवडत बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, दोन्हीकडं काम सारखंच, पगार सारखाच, संध्याकाळपर्यंत कळवा. मी लेकीच्या वहीचं पान फाडलं आणि दोन रकाने पाडले. अंबाल्याला शाळा चांगल्या. मोठं हॉस्पिटल जवळ. आमच्या कारखान्यातली आणखी दोन घरं तिकडंच निघालेली. आणि चौथी गोष्ट म्हणजे गाडी. नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी आमच्या गावावरून जाते. इथं दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला अंबाला. मधे कुठं उतरायचं नाही, पूल चढायचा नाही. मी ते चांगल्या रकान्यात लिहिलं आणि बराच वेळ त्याच ओळीकडं बघत राहिले. मला आत्या दिसल्या, दसरा झाल्यावर, अंबाल्याच्या फलाटावर पिशवी घेऊन उतरलेल्या, आणि अख्ख्या डब्याशी ओळख करून आलेल्या.

रुद्रपूरच्या रकान्यात लिहिण्यासारखं फार नव्हतं. ना ओळखीचं कुणी, ना काही. जायचं तर दिल्लीला उतरा, सामान घेऊन दुसऱ्या स्टेशनावर जा, तिथून दुसरी गाडी पकडा. पूल, जिने, रिक्षावाल्यांशी घासाघीस. ज्यांचे गुडघे गेले आहेत अशा माणसानं तिकडं जायचं नाव काढू नये. हे एवढं एकच रुद्रपूरच्या बाजूनं होतं, आणि तेच मी कागदावर लिहिलं नाही.

चारच्या सुमाराला मी फोन लावला आणि म्हणाले, अंबाला नको, रुद्रपूर चालेल. इंग्रजीतच म्हणाले. आत्यांची मेथी संपत आली होती. कागदाचे तुकडे करून मी ते मेथीच्या काड्यांबरोबर कचऱ्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "मला एक जाड स्वेटर घेशील का?" मला आश्चर्य वाटलं. या बाईनं जन्मात स्वेटर घातला नव्हता, थंडी वाजली की पदर डोक्यावरून घेऊन बसायच्या. मी म्हणाले, "थंडी तर संपत आली, आत्या." त्या म्हणाल्या, "असू दे. स्वस्त मिळंल आता." मग आम्ही दोघी क्रांती चौकात गेलो आणि एक तपकिरी स्वेटर घेतला, पुढं बटणांचा. त्यांनी तो तिथंच घालून बघितला, हात वर करून, वाकून. दुकानदार हसला. मीही हसले. तेव्हा मला काही म्हणता काही कळलं नाही, किंवा मी कळून घेतलं नाही. दोन्हीतलं कुठलं ते आज नक्की सांगता येत नाही.

पाडवा जवळ आला तेव्हा मी एका रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं. "रुद्रपूरला टाकलंय मला." टाकलंय, असं म्हणाले मी, जणू कुणी उचलून फेकलं होतं. नवऱ्यानं मोबाइलवर नकाशा काढला. मग मी आत्यांना दिल्लीचं ते दुसरं स्टेशन, पूल, जिने, सगळं नीट समजावून सांगितलं, पत्रीतलं भोक बोट ठेवून दाखवतात तसं. "तुमच्या गुडघ्यांना नाही झेपायचं ते." त्या म्हणाल्या, "दुसरं कुठं नव्हतं का गं?" मी म्हणाले, "आपल्या हातात असतं का ते?" त्या म्हणाल्या, "व्हय, ते बी खरंच." आणि पाडव्यानंतर पिशवी घेऊन करमाडला गेल्या.

रुद्रपूर मला आवडलं. हेच तर सगळ्यात वाईट आहे. तिथं मला त्रास झाला असता, घर गळकं निघालं असतं, तर बरं वाटलं असतं. पण घर हवेशीर, आभाळ स्वच्छ असलं तर गच्चीवरून डोंगरांची रेघ दिसायची. रविवारी मी आठपर्यंत झोपायचे. कामावरून आले की दार लावून पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास गप्प बसायचे. लेक शाळेतून आली की शेजारच्या पंजाबी बाईंकडं बसायची. एकदा तिनं विचारलं, "आजी दसऱ्याला येणार ना?" मी म्हणाले, "आजीचे पाय दुखतात." ती म्हणाली, "मग गाडीत बसून यायचं ना, गाडीत कुठं चालावं लागतं?" मी तिला अभ्यासाला बस म्हणून रागावले.

दसरा आला आणि गेला. त्या दिवशी मी आत्यांना फोन केला, सोनं घ्या म्हणाले. त्यांनी पोरीची चौकशी केली, थंडी पडली का विचारलं. मी म्हणाले अजून नाही. त्यांनी बाकी काही विचारलं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

दिवाळीला आम्ही करमाडला गेलो. मी जाऊबाईंचे टोमणे ऐकायची तयारी करूनच गेले होते. आता वर्षाचे बाराही महिने आत्या त्यांच्याकडंच, त्या गप्प कशाला बसतील? त्या होत्याही तोंडाच्या फटकळ. पण त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "आत्यांनी सांगितलं मला समदं. तू लई मागं लागली व्हतीस म्हणं, चलाच म्हणून. त्याच नाय म्हणल्या, परक्या मुलखात करमायचं नाय म्हणून. तू तरी काय करशील बाई."

मी एकदाही चला म्हटलं नव्हतं. तोंडदेखलंसुद्धा नाही, न जाणो हो म्हणाल्या तर. पहिल्यांदा मनात आलं, आत्या स्वतःची लाज झाकतायत, धाकट्यानं नेलं नाही हे कुणाला सांगवत नसेल. इतकंच सुचलं मला. माझी लाज त्यांनी झाकली असेल, हे डोक्यातही आलं नाही.

दिरांचं शेत रेल्वेलाइनीला लागून आहे. दुपारी आत्या बांधावरच्या लिंबाखाली दोन शेळ्या घेऊन बसल्या होत्या, मी आणि लेक त्यांच्याजवळ जाऊन बसलो. शेळ्या बोराट्यात तोंड घालत होत्या. जालन्याकडून लांबलचक गाडी आली. लेक उठून डबे मोजायला लागली. मोजता मोजताच तिनं विचारलं, "आजी, ही कुठं जाते?"

"अंबाल्याला," आत्या म्हणाल्या.

त्या गाडीला इथलं शेंबडं पोरगंही अमृतसरची गाडी म्हणतं. अंबाल्याचं नाव मी आमच्या घरात एकदाच घेतलं होतं, फोनवर, इंग्रजी वाक्यात, मेथी निवडणाऱ्या बाईसमोर. गाडी पूर्ण जाईपर्यंत मी रुळाकडंच बघत होते, म्हणजे त्यांच्याकडं बघावं लागू नये.

लेक शेळीमागं पळाली तेव्हा आत्या आपणहूनच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर मला भांडता आलं असतं. "फोनवर तू दोन गावं बोलली. बाकीचं काय कळलं नाय मला, पण गावांची नावं तर कळत्यात. मग तू एकच सांगितलं. इकडं आल्यावर करमाडच्या ठेसनावर जाऊन इचारलं, अंबाला कुठं आलं बाबा. तिकीटवाला म्हणला, आजी, ही गाडीच जाती की. बसल्या जागी नेती, कुठं उतरायचं काम नाय."

करमाडचं स्टेशन शेतापासून चांगलं लांब आहे. त्या गुडघ्यांनी गेल्या होत्या.

मी म्हणाले, "मग तेव्हाच बोलला का नाहीत, आत्या?"

"तू बोलशील म्हणून थांबले." त्यांनी शेळीच्या दोरीला पीळ दिला. "दसऱ्याला पिशवी भरून ठिवली व्हती. तुझा फोन आला. पोरीचं बोललीस, सोन्याचं बोललीस. मग ठिवला पुन्हा पेटीत, तो स्वेटर."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. घरातून जाऊबाईंनी जेवायला हाक मारली, आणि मी उठले.