लाल दगडाला टाकी

सरांनी एकच घाव घातला आणि दगडाला तडा गेला. तडा सरळ हाडाकडं निघालेला. सर स्टुलावर बसले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये मी अटेंडंट होते. शिक्षण सातवी, बाकी सगळं ऐकून ऐकून. आपल्याकडं सगळा काळा दगड, लाव्हाचा. त्यात हाडं कुठली सापडायला! हा लाल दगड सरांनी पार राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या सिरोंचा गावाकडून उराशी धरून आणलेला. हा वालुकाश्म, म्हणजे नदीची वाळू थरावर थर दबून झालेला दगड. त्यात एका सरपटणाऱ्या प्राण्याचा जबडा अडकला होता, डायनोसॉरच्याही आधीचा. परवा युनिव्हर्सिटीचे पाहुणे तो बघायला येणार, आणि बाहेर दिसत होतं बोटाएवढं टोक.

मी म्हटलं, "सर, टाकीवालीला बोलावू?"

"पाट्याला टाकी लावणारी? बाई, हे फॉसिल आहे!"

"तुमच्या हातोडीपेक्षा तिचा हात हलका आहे."

सरांनी हातोडी माझ्याकडं दिली. मी सात रस्ता चौकातून यल्लव्वाला घेऊन आले. गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याला टाकीनं, म्हणजे छोट्या छिन्नीनं, बारीक खाचा पाडायचं तिचं काम. दगड बघून ती हसली, "ह्यो पाटा कुणी गळ्यात मारला सायेब? चटणीत वाळू येईल की!"

मग तिनं बोटानं टकटक केली. कान लावला. पुन्हा टकटक. हसू गेलं.

"आत काय हाय ह्यात? हितनं तितवर आवाज येगळा येतोय."

तिनं कोळशानं रेघ ओढली. रेघ बरोबर हाडाच्या टोकापासून आत निघाली! आम्ही तिला हाडाचं काहीच सांगितलं नव्हतं.

दिवसभर ती टिचटिच टाकी मारत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जबडा उघडा पडला, दातांसकट. पुढचा दात अजून निम्मा दगडात. तिथं यल्लव्वानं टाकी खाली ठेवली.

"आता बास. फुडं मारलं तर तुटंल."

"अगं, अर्धा इंच राहिलाय!"

"मग तुमीच मारा की."

आणि सरांनी मारली! दात टणकन उडून टेबलाखाली गेला. तासभर आम्ही तिघं गुडघ्यांवर वाळू चाळत होतो. सापडला एकदाचा, दोन तुकड्यांत.

पाहुण्यांनी भिंगातून जबडा पाहिला. "इतकं नाजूक काम कुणी केलं?"

सर म्हणाले, "दात मी तोडला. बाकीचं यल्लव्वाचं."

त्यानंतर आमच्या लॅबमध्ये हातोडी उचलायच्या आधी दगड वाजवून बघायची पद्धत पडली. सगळ्यात जास्त वेळ सरच कान लावून बसायचे.