कालव्यापलीकडची तार

कोंडीराम इंगोलेला पुण्याबद्दल विचाराल तर जमिनीच्या वरचं तो फारसं काही सांगणार नाही. हडपसरच्या कुठल्या झाकणाखालून कोणाची फायबर कुठे वळते, हे मात्र झोपेतून उठवून विचारा. वाशीमहून येऊन चौदा वर्षं तो तारा ओढतोय, जोडतोय, तरी रस्त्यात एखादं चेंबर उघडं दिसलं की अजून गाडी थांबवून आत डोकावतो. यावर त्याची बायको काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या आठवड्यातलं काम होतं रुग्णालयांचे सीटी स्कॅन तपासून देणाऱ्या एका कंपनीचं. गावोगावचे स्कॅन तिच्या हडपसरच्या कचेरीतून क्लाउडवर जायचे, आणि इकडे डॉक्टर अहवालाची वाट बघत बसायचे. म्हणून सगळ्यांच्या इंटरनेटच्या गर्दीत न शिरता, थेट क्लाउडवाल्यांच्या दारापर्यंत जाणारी फक्त स्वतःची अशी लाईन कंपनीने घेतली होती. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन, त्याही दोन वेगळ्या पुरवठादारांकडून. पहिली कालव्याच्या अलीकडून, दुसरी पलीकडून. तिथलं नेटवर्क सांभाळणारी नम्रता दाते दुसऱ्या लाईनच्या कागदावर सोमवारी सही करणार होती.

दुसऱ्या लाईनसाठी जमिनीत आधीपासून असलेल्या जुन्या तारेला शुक्रवारी शेवटचा जोड मारून कोंडीरामने यंत्र लावलं. तारेत प्रकाश सोडून तिची लांबी सांगणारं हे यंत्र. त्याने सांगितलं, सात किलोमीटर. जोड उत्तम होता. दुसरा कोणी यंत्र पेटीत घालून चहाला गेला असता. कोंडीराम मात्र तिथेच घुटमळला. पलीकडून वळसा घालणारी तार नऊच्या आत येईलच कशी? दोन किलोमीटर गेले कुठे? शेठना, म्हणजे त्याच्या कंत्राटदाराला, श्यामसुंदर शेठना विचारलं, तर ते म्हणाले की कमी आलं तर चांगलंच आहे की.

चांगलं असेलही, पण त्याला चैन पडेना. शनिवारी सुट्टी असून तो नकाशा घेऊन कालव्यापलीकडे चालत निघाला. नकाशात चेंबर दाखवलं होतं तिथे रोपवाटिका होती. पुढच्या खुणेवर कोणाचा तरी टेम्पो उभा होता, आणि त्याखाली कधी न खणलेली जमीन. मग तो अलीकडे आला, पुलाजवळचं झाकण पहारीने उचललं आणि आत उतरला. एकाच पाइपातून दोन्ही तारा निघाल्या होत्या. जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही जाणार होत्या.

कोण हा शहाणा, असं म्हणत त्याने दुसरी तार हातात घेतली. ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधली होती. प्लास्टिकचा पट्टा उन्हापाण्याने तुटतो म्हणून अख्ख्या हडपसरात ट्यूबची पट्टी वापरणारा एकच माणूस होता, आणि तो त्या क्षणी चेंबरमध्ये उकिडवा बसला होता.

मग त्याला सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यामुळे रस्ता खणायची परवानगी बंद होती आणि शेठना घाई होती. दोन महिन्यांपुरतं म्हणून त्याने ही तार अलीकडच्या, दुसऱ्या पुरवठादाराच्या पाइपातून ओढली, कागदावर मात्र ठरलेलाच मार्ग लिहिला. पुढे कोणी खणलं नाही, आणि तोही विसरला. कोंडीरामला स्वतःची लाज वाटली.

शेठनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. लाईन चालू आहे ना, मग गप्प बस, म्हणाले. तोंड उघडलंस तर कामही गेलं आणि धायरीची खोलीही. खोली शेठची होती. मुलगी श्रद्धा तिथूनच डिप्लोमाला जायची, तिची परीक्षा महिन्यावर आली होती.

सोमवारी सकाळी त्याने नम्रताला पुलाजवळ बोलावलं आणि झाकण बाजूला केलं.

"मॅडम, आज सही करू नोका," तो म्हणाला. "दोन्ही तारा एकाच पाइपात हायेत."

नम्रता वाकून बघत राहिली. तिने वरिष्ठांना दोन वेगळ्या वाटांची हमी दिली होती.

"म्हणजे कागदावर दोन बंगले आणि जमिनीत एकच खोली. वा," ती म्हणाली. "कोणाची ही कल्पना?"

"म्याच टाकली व्हती. कागदबी म्याच भरला."

इतकं बोलल्यावर त्याला हलकं वाटलं. काम जाणार, खोली जाणार, पण जे सांगायचं ते सांगून झालं, असं त्याला वाटलं. नम्रता मात्र त्याच्याकडे निरखून बघत होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, आता तिला वेगळंच कुतूहल लागलं होतं.

"त्या पावसाळ्यात तुम्ही एवढी एकच तार ओढलीत?" तिने विचारलं.

कोंडीराम बोटांवर मोजू लागला. बिबवेवाडीत एक बँक होती. एक रक्तपेढी होती. आणखीही होत्या, आणि आपल्या दोन्ही तारा एकाच पाइपातून जातात हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"एक वही द्या, मॅडम," तो म्हणाला आणि चेंबरच्या काठावर बसला.