चार बोटं डावीकडं

बंदूक म्हणण्यासारखं त्या वस्तूत काही नव्हतं. काष्टीच्या बाजारात फुगे फोडायचा खेळ लावणाऱ्या एका माणसाने धंदा बंद केला आणि त्याची छऱ्याची बंदूक माझ्या थोरल्या भावाने, दादाने, विकत आणली. घरी येऊन ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "हिला नेम न्हाई. तू बसव." सायकलला घंटी बसवायला सांगावं तितक्या सहज सांगितलं.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. घरात फिटर असला की पाण्याच्या मोटरीपासून आईच्या चष्म्याच्या काडीपर्यंत सगळं त्यानेच नीट करायचं, अशी घरच्यांची ठाम समजूत असते. सुट्टी नावाची गोष्ट मला माहीतच नव्हती. त्यात आता ही बंदूक.

नळीच्या टोकावर माशी होती, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा. पण मागे, डोळ्याजवळ, ज्या खाचेतून ती माशी बघायची ती खाचच गायब. फुगेवाल्याने मुद्दाम काढून टाकली असणार, कारण गिऱ्हाइकाचे नेम लागायला लागले तर त्याने खायचं काय? मी दादाला तसं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हनून तर सस्तात दिली."

दुसऱ्या कुणी आणली असती तर मी ती तशीच माळ्यावर टाकली असती. दादाला नाही म्हणता येत नव्हतं. बांगलादेशच्या लढाईत त्याचा उजवा डोळा गेला आणि पलटणीने त्याला घरी पाठवलं. फौजेत जाण्याआधी तो गावातला सगळ्यात पक्का नेमबाज होता. आमच्याकडे दसऱ्याला लोक शिलंगणाला वेशीबाहेर जातात तेव्हा बाभळीच्या फांदीला गुलाल भरलेलं मातीचं बोळकं टांगतात. बंदूकवाल्यांनी एकेकच बार टाकायचा. ज्याच्या हातून बोळकं फुटेल त्याच्या हातचं सोनं देवाला पहिलं. दादा दरवर्षी पाटलांची बंदूक मागून आणायचा आणि दरवर्षी बोळकं फोडायचा. परत आल्यापासून मात्र त्याने पाराचं तोंड पाहिलं नव्हतं. दिवसभर मळ्यात, संध्याकाळी गोठ्यात, आणि कुणी भेटायला आलं की मागच्या दाराने बाहेर. पाटलांकडे बंदूक मागायला तर तो मुळीच जाणार नव्हता.

"यंदा बोळकं फुटलं तर पारावर बशीन," तो मला म्हणाला. "न्हाई फुटलं तर मला कुनी परत बोलवायचं न्हाई." तो दुष्काळानंतरचा पहिला दसरा होता. सगळं गाव वेशीवर येणार होतं आणि माणसाने आपलं सगळं त्या फुगे फोडायच्या बंदुकीवर लावलं होतं. मला त्याचा राग आला, तरी मी बंदूक उचलली.

पहिली खाच मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केली. ती संध्याकाळपर्यंत वाकली. दुसरी कथलाचा डाख देऊन चिकटवली, ती चार छरे मारेपर्यंत टिकली आणि मग उडून कडब्यात पडली. ती मला अजून सापडलेली नाही. मग करवतीच्या मोडक्या पात्याचा तुकडा चुलीत लाल करून नरम केला, कानशीने खाच पाडली, दोन भोकं पाडली आणि दोन बारक्या स्क्रूंनी नळीवर बसवला. तोवर दादाचं डोक्याशी उभं राहून, "अर्धा सूत वर घे, पाव सूत खाली घे," असं चालूच. आयुष्यात कधी कानस हातात न धरलेल्या माणसाने सूत मोजलेलं मला सहन होत नाही.

सराव मागच्या गोवऱ्यांच्या उडव्यावर. गोवरीवर खडूने ठिपका काढायचा आणि पंधरा पावलांवरून मारायचं. सवयीने बंदूक त्याच्या उजव्या खांद्याला जायची, मग आठवण होऊन डाव्या खांद्याला यायची, आणि या सगळ्याबद्दल शिव्या मला. आई वेगळीच वैतागली होती. "चुलीच्या राखंत शिसं निघतंय," ती म्हणायची, "भाकरीत निघंल तवा थांबा म्हंजी झालं."

छरा काही केल्या ठिपक्यावर बसेना. प्रत्येक वेळी चार बोटं डावीकडं. दादा म्हणाला, खाच वाकडी बसवलीस. मी दोरा धरून दाखवला, खाच तंतोतंत मध्यावर होती. मग नळीच दोऱ्याला लावून बघितली आणि कपाळाला हात लावला. नळीच डावीकडे झुकली होती. ती सरळ करायला गेलो असतो तर मोडली असती. म्हणून खाचेची भोकं कानशीने लांबट केली आणि खाच उजवीकडे सरकवत गेलो. शेवटी ती नळीच्या कडेबाहेर आली. दिसायला अगदीच भिकार, पण छरा ठिपक्यात बसला. पुन्हा मारला, पुन्हा बसला. दादा हसलाबिसला नाही. "चालंल," म्हणाला. महिनाभराच्या माझ्या कष्टांची ही शाबासकी.

आता आमच्या वडिलांबद्दल, आण्णांबद्दल, सांगायला हवं. आण्णांना वाकडं बघवत नसे. नांगराचं तास, बांध, दाराची कडी, सगळं त्यांना सरळ लागायचं. दादाने फौजेत जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तो परत आल्यापासून दोघं फक्त बैलांबद्दल आणि विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायचे. डोळ्याबद्दल आण्णांनी एक अक्षर काढलं नव्हतं. पण कोपऱ्यात उभी केलेली ती बंदूक बघून ते रोज चुकचुकायचे.

"खाच वाकडी हाय," ते मला म्हणाले.

"नळी वाकडी हाय आण्णा, म्हनून खाच तशी लावलीय."

"आन् फिटर म्हनवतोस व्हय?"

दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

खांडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार घासूनपुसून पुजतात. फाळ, कुऱ्हाड, विळे, माझे पाने, वहिनीचं शिलाई मशीन, आणि त्या वर्षी बंदूक. मी कारखान्यातून घरी आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. बंदूक झेंडूच्या माळेखाली झाकली होती. मी हात जोडले आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी वेशीवर दादाची पाळी आली. त्याने माळ काढली, बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि तसाच थांबला. मी शेजारीच होतो. बघतो तर खाच नळीच्या बरोब्बर मधोमध, स्क्रू घट्ट पिळलेले, वर खोबरेल चोपडलेलं. मागे आण्णा कुणाला तरी सांगत होते, "काल निम्मा दिस घातला तिच्यावर. पोराचं हत्यार वाकडं कसं पुजायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर घासलेली कानस, ती राख, त्या शिव्या, सगळं एका क्षणात मातीत. स्क्रू ड्रायव्हर घरी. बार एकच. मी आण्णांकडे वळून तोंड उघडलं, तेवढ्यात दादा ओठ न हलवता म्हणाला, "गप."

त्याने मान किंचित वळवून आण्णांकडे बघितलं. मग बंदूक हळूहळू उजवीकडे नेली. बोळक्यावरून पलीकडे, नुसत्या मोकळ्या आभाळावर. मागे कुजबुज सुरू झाली. "त्याला बोळकं दिसंना जनू," कुणीतरी म्हणालं, आणि एकजण हसला. दादाच्या कानाची पाळी लाल झालेली मला दिसली. बंदूक हलली नाही.

बोळकं फुटलं आणि बाभळीखाली गुलाल सांडला.

"बघ," आण्णा मला म्हणाले, "सरळ केल्याबरोबर लागलं." आणि मग सगळ्या गावासमोर त्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी दादा पारावर बसला, आणि पुढेही रोज बसत राहिला. आण्णा मात्र वर्षानुवर्षं येईल त्याला सांगायचे की फिटरने वाकडी बसवलेली खाच मी सरळ केली. मी खरं सांगायला लागलो की दादा विषय बदलायचा. पाहुण्यांसमोर, सोयऱ्यांसमोर, माझ्या स्वतःच्या लग्नात हे ऐकून घेतलंय मी. अजून आठवलं तरी चिडचिड होते.

आण्णा गेल्यानंतरच्या खांडेनवमीला मी बंदूक खाली काढली. म्हटलं, आता तरी खाच जागेवर आणावी. स्क्रू ड्रायव्हर लावला, तेवढ्यात दादाने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आण्णांनी बसवलीय."

बंदूक अजून त्याच्याकडे आहे, आणि अजून चार बोटं डावीकडंच मारते.