इतिहासाची लिस्ट लागली का?

वाट बघणाऱ्या माणसांकडे किस्से फार साचतात. दवाखान्याच्या बाकावर, तहसीलच्या व्हरांड्यात, कुठंही बघा. हातात दुसरं काही नसतं, मग जे जे घडेल ते माणूस जपून ठेवतो. आम्ही तिघांनी इतिहासाच्या पीएच.डी.चा फॉर्म भरला आणि प्रवेशाची यादी लागायला अकरा महिने गेले. अकरा! एवढ्या काळात जे साचलं त्याचा वेगळा प्रबंध झाला असता. आज सांगताना हसायला येतं, पण म्हणून राग गेलाय असं समजू नका. तो आहे तिथंच आहे.

आधी तिघं कोण ते सांगते. हिंगोलीतल्या एका कॉलेजात आम्ही इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास आमचे, पण खुर्ची आमची नाही. दत्तराव सर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे, बेचाळिशीचे, घरची शेती बघून रोज जीपनं येणारे. नसरीन कळमनुरीची, तिच्या अब्बांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान आहे. आणि मी वैशाली, हिंगोलीचीच. "पीएच.डी. झाल्याशिवाय कायम व्हायचा विषय काढू नका," असं प्राचार्यांनी तिघांनाही सांगितलेलं. सर तर तिसऱ्यांदा फॉर्म भरत होते. आधी दोन वेळा त्यांना "गाइड शिल्लक नाही" म्हणून परत पाठवलं होतं. शिल्लक नाही! जशी काही रेशनची साखर!

*

फॉर्म ऑनलाइन होता. स्टाफरूममधल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तिघं बसलो. नाव झालं, पत्ता झाला, विषय निवडायला यादी उघडली. अर्थशास्त्र आहे, इंग्रजी आहे, भूगोल आहे, मानसशास्त्र आहे. इतिहास नाही! वरून खाली तीनदा बघितलं. नाहीच.

मी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस अगदी निवांत.

"असं करा मॅडम, सध्या भूगोल टाका. नंतर बदलून घेऊ."

नसरीन फोनवर वाकली आणि म्हणाली, "भूगोल कसा बदलता सर तुम्ही? लढाई करून?"

फोन कट!

दोन दिवसांनी यादीत इतिहास आला. कुठं? एकदम तळाला, "इतर"च्याही खाली.

*

पुढं समितीसमोर विषय मांडायचा दिवस आला. माझा विषय होता हिंगोलीच्या हळदीच्या बाजाराचा. कोण पिकवायचं, कोण विकत घ्यायचं, बैलगाड्यांवरून रेल्वेवर माल कसा गेला. मी तीन वर्षं व्यापाऱ्यांच्या घरांतल्या जुन्या वह्या चाळलेल्या. दहा मिनिटं बोलले असेन नसेन, समितीतले एक जण चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हळद म्हणजे होम सायन्स. तिकडं विचारा."

मी "हो सर, नाही सर" करत कशीबशी बाहेर आले. उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत: "मग तोफा मेकॅनिकलला देऊन टाका!" सर आणि नसरीन डुलक्या काढत होते, ते ऐकायला फक्त कंडक्टर होता. त्याला मात्र पटलं.

*

त्याच दिवशी नसरीनचं झालं ते याहून भारी. तिचा विषय कळमनुरीच्या आठवडी बाजारात निजामाच्या काळी दुकान मांडणाऱ्या बायकांचा. त्या वेळचे कागद उर्दूत. ते वाचता येणारी आमच्या भागात आता किती माणसं उरलीत, विचारा. नसरीन ते आजोबांकडून शिकलेली. वीस मिनिटं ती चोख मराठीत बोलली, एकदाही अडखळली नाही.

बोलून झाल्यावर त्याच चष्मेवाल्यांनी विचारलं, "प्रबंध मराठीत लिहावा लागेल हं. मराठी जमतं का तुम्हाला?"

सहा वर्षं ही पोरगी मराठीतून शिकवते! आणि आत्ता वीस मिनिटं काय फारसीत बोलत होती?

नसरीन शांतपणे म्हणाली, "सर, दारावर तुमच्या समितीची नोटीस लावलीय. तिच्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. आत्ता सांगू, का लेखी देऊ?"

एक मॅडम तोंडावर पदर घेऊन हसल्या. चष्मेवाले हसले नाहीत.

बाहेर आल्यावर मात्र ती रडकुंडीला आली. "वैशू, मी गेले गं. आता कशाला घेतात मला! अब्बाला काय सांगू?" मी तिला धीर देत होते आणि दत्तराव सर एकदम उठून गेले. मला वाटलं, चहा आणायला गेले. पाच मिनिटांनी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "नसरीन, तू चुकली. चार न्हाई, पाच हायेत. मी बराबर मोजून आलो."

*

मग सुरू झाली खरी वाट. सर दर सोमवारी पहिला तास संपला की विद्यापीठात फोन लावायचे. दर सोमवारी तेच उत्तर: "आठ दिवसांत लागेल." एकदा मात्र क्लार्क वैतागला. आम्ही दोघी शेजारीच बसलेलो, सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुमी इतिहासवाले लई प्रश्न विचारता राव! कधी लागेल, काहून लागली न्हाई, सही कुणाची राहिली... ते केमिस्ट्रीवाले बघा. एकाचा फोन न्हाई! शिका काही त्यांच्याकून!"

सरांनाही क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. मऊ आवाजात म्हणाले, "व्हय का? फोनच न्हाई करत ते?"

"कशाला करतील? त्यांची लिस्ट जूनमध्येच लागली!"

*

गोरेगावहून येणाऱ्या जीपमध्ये सरांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या शेजारी. एकदा बोलता बोलता सरांनी त्याला यादीचं सांगितलं आणि पस्तावले. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी त्याचा प्रश्न: "सर, लागली का लिस्ट?" हळूहळू रोजच्या प्रवाशांनाही सवय झाली. सेनगाव यायच्या आत चार जण तरी विचारणार. सर मग मागच्या बाकावर बसायला लागले. तरी सुटका नाही. पुढून आवाज यायचा, "मागं इचारा रे, लागली का!"

एक दिवस एक नवीन म्हातारबाबा गाडीत होते. त्यांनी विचारलं, "काहाची लिस्ट म्हन्ता?"

ड्रायव्हरला इतक्या महिन्यांत ते नीट कळलेलंच नव्हतं. तो बिनधास्त म्हणाला, "घरकुलाची असंल. दुसरी कोनती लिस्ट इतकी लांबते!"

त्या दिवशी हिंगोलीला उतरेपर्यंत तीन माणसांनी सरांच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स दिली. "सर, तुमच्यासंगं आमचंबी बघा!"

सर ते तीन कागद घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि गपकन बसले. मी हसले, तर चिडले. "हसू नको वैशाली. त्यांचीबी दोन वर्षांपासून लागली न्हाई!"

*

आता माझं ऐका. त्याच दिवसांत मला बघायला वसमतकडचे पाहुणे आले. मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईनं विचारलं, "पीएच.डी. किती दिवसांची असते?"

"चार-पाच वर्षं लागतात."

"म्हणजे लग्न झाल्यावरही शिकणार?"

"हो."

"बरं. कळवतो."

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. महिना गेला तसे ते रोज सकाळी मला विचारायचे, "त्यांचा फोन आला का?" मी विचारायचे, "कुणाचा? पाहुण्यांचा का विद्यापीठाचा?" ते म्हणायचे, "कुणाचाबी!"

शेवटी पाहुण्यांचा आला. नकार. कारण काय, तर "मुलीचं अजून काहीच ठरलेलं दिसत नाही!"

माझ्या डोक्यात सणक गेली. माझं ठरलेलं नाही? मी कधीपासून ठरवून बसलेय! ज्यांनी ठरवायचं ते सहीला पेन शोधत बसलेत, त्यांना कुणी काही बोलत नाही, आणि बोल मला! आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती, मी अंगणात पाय आपटत होते. बाबा मात्र शांत होते. फोन खिशात ठेवत म्हणाले, "काही म्हण वैशे, माणसं चांगली होती. निदान कळवलं तरी!"

*

नसरीनच्या अब्बांचा वेगळाच घोळ. पेटी घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "बेटी डाक्टर होरी मेरी!" नसरीन म्हणायची, "अब्बा, अभी लिस्ट नहीं लगी." अब्बा म्हणायचे, "लगेगी ना! हो गया समझो!"

गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी खरोखरच समजलं. एका सकाळी कळमनुरीच्या स्टँडसमोर हा भलामोठा बॅनर! "कु. नसरीन यांना पीएच.डी. पदवी मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" कोपऱ्यात नसरीनचा आधार कार्डावरचा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. आणि मधोमध गल्लीतला युवा नेता, गॉगल लावून, हात जोडून.

लोक दुकानात येऊन अब्बांना हार घालायला लागले. अब्बांचा चेहरा उतरला. बोलणं वेगळं आणि हार वेगळा, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यांनी दुकानाचं अर्धंच शटर उघडलं आणि आतल्या बाजूला बसून पत्रा ठोकत राहिले. मान वर नाही.

ते बघून नसरीन तडक त्या नेत्याकडे गेली. "दादा, मला अजून प्रवेशच मिळाला नाही आणि तुम्ही पदवी देऊन मोकळे? उद्या नाव आलं नाही तर माझ्या बापानं तोंड कुठं दाखवायचं? उतरवा तो बॅनर!"

नेताही दुखावला. "ताई, तुमची लिस्ट उशिरा लागून राहिली, त्यात आमची काय चूक? माझा वाढदिवस परवाच हाय ना!"

*

शेवटी अकराव्या महिन्यात, एका गुरुवारी, यादी लागली. स्टाफरूममध्ये तिघांनी एकाच मोबाइलवर डोकं घातलं. पहिलंच नाव नसरीनचं! तिनं लगेच अब्बाला फोन लावला, पण रडण्यामुळे तिला बोलताच येईना. पलीकडून अब्बा घाबरून "क्या हुआ, क्या हुआ" करत होते. शेवटी मीच फोन घेऊन सांगितलं. मग ते म्हणाले, "बेटा, फिर से बोल."

माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं. इतकी वाट बघून मिळालं काय, तर पुन्हा प्रतीक्षाच!

आणि दत्तराव सरांच्या नावापुढं लिहिलेलं: "गैरहजर."

सरांनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "मी गैरहजर?" एवढंच म्हणाले. दारात मळणीयंत्र उभं असताना सोयाबीन तसंच टाकून हा माणूस समितीपुढं आला होता. आमच्या तालुक्यातल्या जुन्या गावविहिरींवर असा बोलला होता की आत गेल्यावर अर्धा तास बाहेर आलाच नाही.

त्यांचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. दोन महिन्यांनी दुरुस्तीची यादी निघाली आणि सरांना प्रवेश मिळाला. मी अजून प्रतीक्षेतच आहे. पण यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं विद्यापीठात गेलो, तेव्हा काय झालं ते ऐका.

क्लार्कनं हजेरीचा कागद पुढं केला. "हे बघा. तुमची सही नाही."

"माझ्यापुढं हा कागद आलाच न्हाई," सर म्हणाले.

नसरीननं त्या दिवशी दारातून काढलेला मोबाइलमधला फोटो दाखवला. पडद्याशेजारी सर उभे, मागं त्यांच्या विहिरीचं चित्र.

"फोटो चालत नाही. त्या दिवशीचा कागद पाहिजे."

सरांनी डायरीतून त्या दिवशीचं एसटीचं तिकीट काढलं. इतिहासाचा माणूस, कागद टाकतोय कुठं! क्लार्कनं तिकीट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. "यानं तुम्ही स्टँडवर उतरलात हे कळतं. इथं आत आलात, याला काय पुरावा?"

सरांचे कान लाल झाले. आजवर मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "अरे, आता काय ताम्रपट आणू का?" सगळं ऑफिस बघायला लागलं. तेवढ्यात समितीचे अध्यक्षच पॅसेजमधून चाललेले. आवाज ऐकून आत आले आणि सरांना बघून एकदम खुलले.

"अहो, विहिरीवाले ना तुम्ही? काय सुंदर बोललात त्या दिवशी!" मग क्लार्ककडे वळून म्हणाले, "हे हजर होते. अर्धा तास मी स्वतः यांना प्रश्न विचारलेत. आता माझ्याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे तुम्हाला?"

क्लार्क उठून उभा राहिला. हजेरीचा तो कागद त्यानं अदबीनं अध्यक्षांकडे फिरवून धरला आणि तळाच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, रागावू नका. पण त्या दिवशी तुमचीही सही नाही. तुम्हीपण गैरहजरच आहात!"