टपावरचे ठोके

कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी विचारतो, "वायरिंग तपासलं होतं का?" सोनागिरीतल्या आमच्या मित्रमंडळीत त्यावरून माझी भरपूर टिंगल होते. सगळी नोकरी कारखान्यात गेली, दुसरं काय सुचणार... तर आता माझाच अनुभव सांगतोय. हसा खुशाल.

रिटायर झाल्यावर मी एक सेकंड-हँड मोटरहोम घेतली. मोठ्या व्हॅनमध्येच पलंग, छोटा ओटा आणि सिंक बसवलेलं. हौस म्हणून नाही हं. माझी बायको सुनंदा, तिच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, तिला फार वेळ बसवत नाही. तिची आई अमरावतीला अंथरुणाला खिळलेली. फोनवर तर लेकीचा आवाजही ओळखेनाशी झाली होती. एकदा ट्रेनने निघालो, पण हिचं दुखणं इतकं वाढलं की इटारसीहूनच परत फिरलो. म्हणून ही गाडी, आडवं पडून जाता यावं यासाठी. आणि पावसात नेमका पलंगच भिजायला लागला! मागच्या कोपऱ्यात मी पुन्हापुन्हा सिलिकॉन भरायचो आणि पुन्हापुन्हा गादी पिळायचो.

शेवटी एका सकाळी उघडीप मिळाली. कारखान्यात टाकीची गळती शोधायची आमची रीत सोपी होती — एकाने बाहेरून पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत थांबायचं आणि पाणी दिसलं की तिथेच पत्र्यावर ठोकायचं. मशीनच्या आवाजात हाक कुठली ऐकू येणार! माझे कान त्या आवाजातच अधू झाले, ठोके मी तळहाताने ओळखतो. सुनंदाला आत पलंगावर झोपवलं, दार लावलं आणि पाइप घेऊन टपावर चढलो.

मागच्या कोपऱ्यात पाणी सोडलं, हात पत्र्यावर ठेवला. काही नाही. मग ठक-ठक... पण पुढून, ड्रायव्हरच्या डोक्यावरून!

"अगं, गादी मागे भिजते, तू पुढे काय वाजवतेस?" मी ओरडलो.

पुन्हा ठक-ठक. मी वैतागत पोटावर सरकत पुढे गेलो. हात सरकेल तसे ठोके ठळक होत गेले आणि सामानाच्या कॅरिअरच्या एका बोल्टपाशी अगदी तळहाताखाली आले. सील खरवडलं तर खाली बोल्ट गंजलेला, भोक मोठं झालेलं. पाणी तिथून शिरून पत्रा आणि आतल्या प्लायच्या मधून मागे वाहत होतं.

"सापडलं गं!" मी आनंदाने ओरडलो.

"अहो, कुणाशी बोलताय वर?" सुनंदा खाली उभी. शेजारच्या घराच्या बरामद्यातून आली होती.

आईची तब्येत बिघडल्याचा भावाचा फोन आला होता. आत रेंज मिळेना, म्हणून मी पाणी सोडायच्या आधीच ती बाहेर पडली होती. मला हाकही मारली होती म्हणे... माझे कान! शेजारच्या वर्मा भाभी म्हणाल्या, "भाईसाहब, ये तो कब से हमारे यहाँ बैठी हैं, बेचारी रो रही थीं."

मी आत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या बोल्टखालचं प्लाय आतल्या बाजूने कोरडं ठणठणीत. आत कुणी असतं तरी त्याला तिथे काहीच दिसलं नसतं!

त्याच दिवशी बोल्ट बदलला, नवं सील भरलं, ते सुकल्यावर निघालो. बैतूलच्या घाटात धो-धो पाऊस. मी सारखा विचारत होतो, "गळतंय का?" आणि मागून ओरडून उत्तर यायचं, "नाही हो, तुम्ही पुढे बघा."

अमरावतीला आईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुनी, किती वाळलीस." महिन्याभरात आई गेल्या.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलंय. उन्हाने पत्रा तडतडतो का, पाइपचे हिसके बसतात का, माकडं... तसे ठोके पुन्हा कधीच लागले नाहीत. मी अजून शिडी लावतो, पत्र्यावर हात ठेवून बसतो. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

सुनंदाला मात्र यात काडीचाही रस नाही. ती म्हणते, "तुम्ही शोधा निवांत. मला पोचायचं होतं, मी पोचले."