यासीनभाईंचं मार्लफर्ड

यासीन परकार मूळचे हर्णैचे. सौदीत जुबैलला आमच्या प्लांटची बस चालवायचे. एक्याण्णवच्या जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि सायरन वाजला की आम्ही सगळे कॅन्टीनमागच्या खोलीत जाऊन बसू लागलो. खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या, गळ्यात गॅस मास्क, आणि करायला काहीच नाही.

आमच्यात ग्रॅहॅम नावाचा इंग्रज क्रेन मेकॅनिक होता. त्याच्या बहिणीनं गावाची आठवण म्हणून त्याला एक पुस्तिका पाठवली होती : मार्लफर्डमध्ये काय पाहाल, काय कराल. यासीनभाईंनी ती मागून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"विजयसाहेब, मोठ्यानं वाचा. मराठीत."

मी वाचू लागलो. दर बुधवारी चौकात बाजार. चर्चच्या मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या. नदीवर भाड्याच्या होड्या. तेवढ्यात बाहेर लांब कुठेतरी धप्प आवाज झाला आणि खिडकीचं प्लास्टिक थरथरलं. मी थांबलो.

"थांबू नका," यासीनभाई म्हणाले. "मासळी कुठं बसते ते सांगा."

ग्रॅहॅमला विचारलं. समुद्र साठ मैलांवर, मासळीची गाडी गुरुवारी येते, असं तो म्हणाला.

"बाजार बुधवारी आणि मासळी गुरुवारी?" यासीनभाईंना त्या गावाची खरोखर काळजी वाटू लागली.

पाच-सहा आठवड्यांत त्यांना सगळं गाव पाठ झालं. मग युद्ध संपलं, ग्रॅहॅम मायदेशी गेला.

दोन वर्षांनी यासीनभाईंच्या बायकोच्या, रईसाभाभींच्या, इंग्लंडात ब्लॅकबर्नला असलेल्या भावानं मुलीच्या लग्नाला दोघांना बोलावून घेतलं. लग्न उरकल्यावर यासीनभाईंनी बुधवार गाठून भाभींसह मार्लफर्डची गाडी पकडली. ग्रॅहॅम स्टेशनवर हजर होता.

"आधी मनोरा," यासीनभाई म्हणाले.

ग्रॅहॅम ओशाळला. "मी कधी चढलोच नाही. जन्म इथला, पण राहून गेलं."

"मग चल. डावीकडचं लहान दार."

भाभींना बाजारात लोकरीचं दुकान सापडलं होतं. दुकानदारबाईंकडून त्या खुणांनीच एक नवीन वीण शिकत बसल्या. हे दोघे वर चढले. वर पोचल्यावर ग्रॅहॅम धापा टाकत कठड्याला टेकला. खाली दुकानांची पट्ट्यापट्ट्यांची कापडी छपरं, त्यापलीकडे नदी, आणि नदीकाठच्या एका परसात एक म्हातारी कपडे वाळत घालत होती.

"माझी आई," ग्रॅहॅम म्हणाला. मग म्हणाला, "त्या खोलीत वाटायचं, हिची भेट काही आता होत नाही."

यासीनभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खाली उतरायची घाई दोघांनीही केली नाही.

हे सगळं त्यांनी मला परतल्यावर सांगितलं, आणि वर विचारलं, "साहेब, आपल्या जुबैलमध्ये काय पाहाल?"

"इथं काय आहे? कारखान्यांच्या चिमण्या आणि पाइप."

पण महिन्याभरात त्यांनी ट्रान्सपोर्टच्या दत्तात्रय साहेबांकडून शुक्रवारी सकाळपुरती बस मिळवली आणि आमच्या कुटुंबांना घेऊन निघाले. धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या रिकाम्या होताना दाखवल्या. मग खाजणाकडे नेलं. तिथं उथळ पाण्यात शे-दोनशे गुलाबी रोहित पक्षी, फ्लेमिंगो, एका पायावर उभे होते. माझी बायको मंजिरी मुलांना शांत करायचं सोडून स्वतःच खिडकीला नाक लावून बसली.

आम्हाला जुबैलमध्ये येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.