फुलीवर ठरलेली नजर

पहारेकऱ्याची नोकरी म्हणजे नजर एका जागी ठरू द्यायची नाही. आमच्या या गड्यानं जन्मभर तेच केलं. पुढं निवृत्त झाला, बायको गेली, मुलगा दूरदेशी रमला. राखायला उरल्या दोन खोल्या. तिथं चोर शिरला असता, तर गड्यानं आधी त्याला बसवून घेऊन चहा विचारला असता!

अशात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला डावखुरी माणसं हवी होती. ज्या हातानं लिहितो म्हणून लहानपणी मास्तरांनी छड्या दिल्या, त्या हाताला चक्क बोलावणं! स्वारी इस्त्रीचा सदरा घालून हजर.

काम साधं. हनुवटी टेकवायची, पडद्याच्या मधोमध असलेल्या फुलीवर डोळे रोखायचे. फुलीच्या डावीकडं नाहीतर उजवीकडं पापणी लवायच्या आत एक चित्र चमकून जाई. कसलं, ते सांगायचं.

"डावीकडचं चित्र आधी मेंदूच्या उजव्या भागाला कळतं, उजवीकडचं डाव्या भागाला," मुलीनं समजावलं. "कोण कशात हुशार, ते बघायचंय. पण काका, डोळे हलले की फेरी बाद."

"म्हणजे दोघा भावांना वेगवेगळं विचारायचं, खाणाखुणा करू द्यायच्या नाहीत!"

"अगदी तस्संच!"

पण डोळे कसले ऐकतात? चित्र यायच्या आधीच ते कोपऱ्यात डोकावून येत, आणि पडद्याखालचा कॅमेरा चुगली करी.

"काका, पुन्हा हलले!"

"नोकरी सुटली, पोरी, खोड सुटली नाही."

फेऱ्या बाद झाल्या की पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं. पुढं डोळे वठणीवर आले. पण तोवर गड्याच्या ध्यानात आलं होतं, की फेऱ्या पुऱ्या झाल्या की बोलावणं संपलं. मुलगी चहा द्यायची, "जेवलात का?" विचारायची. हे विचारणारं आठवड्यात तेवढं एकच तोंड. मग पठ्ठ्या मुद्दाम डोळे हलवू लागला.

एके दिवशी तिचे सर दारातूनच कडाडले, "एका माणसापायी सगळं अडलंय! आज झालं तर ठीक, नाहीतर या वर्षी पदवी विसरा."

"आज होईल, सर," मुलगी म्हणाली, आणि स्वच्छ असलेला पडदा पुन्हा पुसू लागली.

गड्यानं ते पाहिलं. हनुवटी टेकवली. "लाव, पोरी."

किल्ली, कात्री, पेला, छत्री... चित्रं चमकत गेली. फुलीवरचे डोळे जागचे हलले नाहीत. भरून आले तेव्हाही नाही.

"काका, झालं! एकही फेरी बाद नाही!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. "सुटलात तुम्ही. आता यायला नको!"

"बरं झालं बाई," गडी हसून म्हणाला, "फार लांब पडायचं."

घर पलीकडच्याच गल्लीत होतं. पण त्या दिवशी तिथवर पोचायला त्याला संध्याकाळ झाली.